नाथांनी माउलींची पोथी निर्मळ केली

गाढवाला पाणी पाजले ती गोष्ट लहान पोराला पण ठाऊक आहे, ती आम्ही पुन्हा सांगत नाही. नाथ महाराजांचे दुसरे एक उपकार आपल्यावर आहेत, ते या शताब्दीच्या पुस्तकात लिहितो. दिंडीत मुक्कामाला आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो, ती नाथांच्या हातून आपल्यापर्यंत आली.

नाथ पैठणचे, भानुदास महाराजांच्या कुळातले. आईबाप लहानपणीच गेले, आजाने वाढवले. पुढे देवगिरीला जनार्दन स्वामींची सेवा केली. स्वामींनी हिशेबाचे काम दिले. एका पैचा मेळ लागेना, म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, असे सांगतात. पै ती काय, पण सोडली नाही.

माउलींनी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ ला. तेव्हा छापखाना कुठला! एकाने लिहायची, दुसऱ्याने त्यावरून उतरवायची. कुठे अक्षर चुकले, कुठे कोणी आपलीच ओवी घातली. असे जवळजवळ तीनशे वर्षे चालले. माउलींनी स्वप्नात येऊन, गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली आहे असे सांगितले आणि नाथ आळंदीला गेले, अशी कथा आहे. मग त्यांनी पोथ्या मिळवून पाठ शोधला आणि शके १५०६ ला पोथी शुद्ध केली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती त्याचीच.

भांगलण करणाऱ्याला तण कुठले आणि पीक कुठले हे कळावे लागते, नाहीतर खुरप्याखाली पीकच जाते. नाथांना ते कळत होते. त्यांनी स्वतः भागवताच्या अकराव्या स्कंधावर १८ हजारांवर ओव्या लिहिल्या, त्या काशीत पुऱ्या केल्या. मराठीत लिहिले म्हणून तिथल्या पंडितांचा राग सोसला. एवढा हात चालणारा माणूस, पण माउलींच्या ओव्यांत आपली एकही मिसळली नाही. शेवटी शोधल्याचे साल लिहिले आणि यात कोणी भर घालू नये अशी ताकीद दिली, बस.

शके १५२१ ला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला.

आम्ही चौथी शिकलेले. पाठ शोधणे आमचे काम नव्हे, पण आहे तो राखणे आमचे काम आहे. हल्ली कीर्तनात अर्धी ओवी आठवते, उरलेली पदरची जोडतात आणि माउलींच्या नावावर खपवतात. नव्या पोरांना आमची विनंती आहे, ओवी आठवली नाही तर थांबा, पोथी उघडा, बघून म्हणा. त्यात कमीपणा नाही. पुढच्या शंभर वर्षांच्या वारकऱ्याला पोथी नाथांनी दिली तशीच मिळाली पाहिजे.

रामकृष्ण हरी.