'मॅसी फर्ग्युसन'मधले फर्ग्युसन कोण होते? त्यांचा ट्रॅक्टर नेमका कोणत्या देशाचा?

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की आधी चर्चा होते ती एचपीची आणि हप्त्याची. मग कोणीतरी विचारतंच, कंपनी विदेशी की आपल्याकडची? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 'मॅसी फर्ग्युसन' या नावातल्या हॅरी फर्ग्युसन यांचं आयुष्य पाहिलं की ते कळतं.

फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, आयर्लंडच्या काउंटी डाऊनमधल्या शेतकरी कुटुंबातला. शेतीत मन रमेना म्हणून ते बेलफास्टला भावाच्या गॅरेजमध्ये कामाला लागले. ३१ डिसेंबर १९०९ ला त्यांनी स्वतः बनवलेलं विमान उडवलं. आयर्लंडमध्ये असं करणारे ते पहिलेच.

१९११ मध्ये त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं आणि पुढे तिथे 'ओव्हरटाइम' नावाचा ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. हा मूळचा अमेरिकेतला 'वॉटर्लू बॉय'. ब्रिटनमध्ये तो वेगळ्या नावाने विकला जायचा.

खरी अडचण कुठे होती?

पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई वाढली आणि १९१७ मध्ये फर्ग्युसन यांच्यावर आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरची कामगिरी सुधारण्याची जबाबदारी आली. शेतोशेती फिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दोष फक्त इंजिनाचा नाही. नांगर बैलाच्या किंवा घोड्याच्या मागे बांधावा तसा ट्रॅक्टरला नुसता अडकवलेला असायचा.

असा नांगर दगडात अडकला की पुढची चाकं उचलली जायची आणि ट्रॅक्टर मागे उलटायचा. यात अनेक चालकांचे जीव गेले. फोर्डचा 'फोर्डसन' यासाठी बदनाम होता. तो आधी अमेरिकेत, १९१९ पासून आयर्लंडच्या कॉर्कमध्ये आणि १९३३ पासून इंग्लंडमध्ये बनू लागला. देश बदलले, पण नांगर जोडण्याची मूळ अडचण तशीच राहिली.

फर्ग्युसन यांनी अनेक वर्षं खपून उपाय काढला, तो म्हणजे थ्री पॉइंट लिंकेज. खाली दोन दांडे, वर एक. नांगराला जोर लागला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे पुढची चाकं जमिनीवर राहतात. जमीन कडक लागली की हायड्रॉलिक लिफ्ट नांगर थोडा वर घेते आणि वजन मागच्या चाकांवर येतं. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला.

एक डिझाइन, अनेक देश

१९३६ मध्ये हा ट्रॅक्टर इंग्लंडच्या हडर्सफील्डमध्ये डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यात बनू लागला. १९३८ मध्ये फर्ग्युसन यांनी तो अमेरिकेत नेऊन हेन्री फोर्ड यांना चालवून दाखवला. दोघांचा करार झाला, पण फक्त हात मिळवून, कागद न करता. १९३९ मध्ये 'फोर्ड ९एन' बाजारात आला.

फोर्ड यांच्या नातवाने हा करार मोडला. फर्ग्युसन कोर्टात गेले आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली.

तोवर इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत १९४६ पासून त्यांचा 'टीई २०' बनू लागला होता. गंमत म्हणजे या 'इंग्लिश' ट्रॅक्टरमध्ये सुरुवातीला अमेरिकन इंजिन होतं. इंग्लंडमध्ये बनलेलं इंजिन नंतर आलं. १९४८ पासून त्याचाच भाऊ 'टीओ २०' अमेरिकेच्या डेट्रॉइटमध्ये बनू लागला. कॉव्हेंट्रीत १९५६ पर्यंत पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले.

१९५३ मध्ये फर्ग्युसन यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. ऑक्टोबर १९६० मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी चेन्नईत टॅफे ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन भारतात बनू लागला.

मग घेताना बघायचं काय?

आज ट्रॅक्टर कोणत्याही देशाच्या कंपनीचा असो, मागे फर्ग्युसन यांचे तीन दांडे दिसतातच. त्यामुळे एका कंपनीचा नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला जोडता येतो, फक्त लिंकेजचं माप जुळलं पाहिजे.

देशाच्या नावावरून एवढंच कळतं की जुळणी कुठे झाली. लिफ्ट किती वजन उचलते, आपली अवजारं तिला पेलतात का, स्पेअर पार्ट तालुक्याला मिळतो की मागवावा लागतो, ऐन पेरणीत बंद पडला तर मेकॅनिक किती तासांत बांधावर येतो, हे ती पाटी सांगत नाही. ते डीलरलाच विचारावं लागतं, आणि पैसे भरण्याआधी.