चाकरी आणि पुत्रत्व

दत्तक हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. वंश खुंटू नये, पिंडदानाला अधिकारी असावा, वतन परक्या हाती जाऊ नये, यासाठी दत्तविधान करण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्या व्यवहारात गरज असे ती प्रामुख्याने घेणाऱ्या बापाची. ख्रिस्ती धर्मविचारात हाच शब्द उलट्या दिशेने येतो. संत पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत मनुष्य देवाचा दत्तक पुत्र होतो असे प्रतिपादिले, तेव्हा गरज होती ती निराधार लेकराची. देवाला वारसाची उणीव नव्हती. असे लेकरू त्या घरी दास म्हणून नव्हे तर वारस म्हणून राहते, हा त्या शिकवणीचा गाभा. हे तत्त्व वाचणे सोपे, जगणे अवघड. ते किती अवघड, हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रात पाहावे.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील कमालीचे तापट. मायेचा आधार काय तो आईचा. तीही त्यांच्या बालपणीच निवर्तली आणि घर असून मुलगा पोरका झाला. पुढे नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, कीर्ती मिळविली. पण मन कोठे स्थिरावेना. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, गावे बदलली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचा ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पोरक्याला पिता मिळाला, असे म्हणून येथे चरित्रकाराला थांबता येईल. परंतु सत्याला ते धरून होणार नाही. ज्या दिवशी टिळकांना हे नवे घर लाभले, त्या दिवशी त्यांच्या पत्नीचे घर मोडले. लक्ष्मीबाईंना त्यांनी या निर्णयात सहभागी करून घेतले नव्हते. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माऊलीला आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरात दिवस काढावे लागले. एकाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्याने मोजली, ही गोष्ट टिळकांच्या चाहत्यांनीही नजरेआड करू नये. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्याही आपले सोवळे आणि आपला धर्म सांभाळून. पुढे जातिभेद माणसानेच निर्माण केले, हा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने केला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पित्याच्या घरी कोणालाही ओढून आणता येत नाही, हा धडा टिळकांना बहुधा पत्नीनेच दिला असावा.

यानंतर अहमदनगरच्या त्यांच्या संसाराला भिंती अशा उरल्याच नाहीत. निराधार मुले त्या घरी वाढली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच आपले बालकवी, ख्रिस्ती न होताही त्या घरात मुलासारखे राहिले. टिळक श्रीमंत नव्हते. पदरी पैसा टिकत नसे आणि त्याची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. पण आपणच जेथे कृपेने आत आलो, तेथे दुसऱ्याला उंबऱ्यावर अडविण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी त्यांच्या वागण्याची रीत होती.

काव्यातही तेच. ख्रिस्तापर्यंतची आपली वाट तुकोबांवरून गेली, हे ते मोकळेपणे मान्य करीत. म्हणून ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंगांतून गाइली, आणि ख्रिस्ताला माउली म्हटले. दत्तक जाताना जन्मीचे गोत्र सुटते. टिळकांनी मात्र धर्म बदलला तरी भाषेचे आणि संतपरंपरेचे नाते सोडले नाही.

खरी कसोटी अखेरीस लागली. अमेरिकन मराठी मिशनची सेवा त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ केली होती. पण पगारावर होणारी धर्मसेवा आणि परक्या छत्राखालचा धर्म त्यांना सलू लागला. चाकराला वेतन असते. पुत्राला ते कशाला? १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला मानणारा, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्या बंधुमंडळात यावा, अशी ती कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

संस्था टिकली नाही, म्हणून तो विचार फसला असे मानण्याचे कारण नाही. देवाला पिता म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या पित्याची इतर लेकरे म्हणजे आपली भावंडे, हे पुढचे वाक्य मात्र बहुतेकांना जड जाते. टिळक ते वाक्य उच्चारून थांबले नाहीत. चुकत, अडखळत आणि पत्नीच्या सोशिकपणाच्या बळावर त्यांनी ते आचरून पाहिले. ज्याला आपण कृपेने घरात घेतले गेलो याची आठवण राहते, तो दार लावून घेऊ शकत नाही. आपण आपल्या दाराचे काय करतो, हा प्रश्न ख्रिस्ती वाचकापुरताच नाही.