प्रयोगशाळेबाहेरचे रामन

१९३३ साली चंद्रशेखर वेंकट रामन बंगलोरच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’चे संचालक झाले. संस्थेच्या स्थापनेला तेव्हा चोवीस वर्षे होत आली होती आणि एवढ्या काळात तिच्या प्रमुखपदी एकही भारतीय बसला नव्हता. नोबेल पारितोषिकाचा मान मिळवून आलेल्या माणसाच्या हाती ही संस्था आली याचा सुशिक्षित वर्गाला अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच होते. मात्र चारच वर्षांनी, १९३७ मध्ये, रामन यांना ते पद सोडावे लागले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल कोणालाच शंका नव्हती. वाद झाला तो पैशाच्या वाटपावरून, अधिकारांवरून आणि सहकाऱ्यांना विश्वासात घेण्या-न घेण्यावरून.

या वादाचे मूळ शोधताना कलकत्त्यापर्यंत मागे जावे लागते. १९०७ मध्ये रामन सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. दिवसा कचेरी आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजारातील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ची प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम सुमारे दहा वर्षे चालला. हा तरुण हेरला तो आशुतोष मुखर्जी यांनी. कलकत्ता विद्यापीठात तारकनाथ पालित यांच्या देणगीतून भौतिकीचे अध्यासन निर्माण झाले होते. परंतु त्यावर येणाऱ्याने परदेशी जाऊन शिक्षण घ्यावे, अशी अट होती. रामन यांना ती मान्य नव्हती. शिकण्यासाठी आपण परदेशी जाणार नाही, ही त्यांची भूमिका ठाम होती. एखाद्या सामान्य प्रशासकाने फाईल तेथेच बंद केली असती. आशुतोषबाबू उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि विद्यापीठाचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षे हाकला होता. नियमाचा हेतू कोठे संपतो आणि हट्ट कोठे सुरू होतो, हे त्यांना कळत होते. त्यांनी अट बाजूला ठेवण्याची व्यवस्था केली आणि १९१७ मध्ये रामन वित्त खात्यातील भरघोस पगाराची नोकरी सोडून प्राध्यापक झाले. पुढे ज्या शोधाला त्यांचे नाव मिळाले, तो २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध याच कलकत्त्यात लागला.

सांगण्यासारखी गोष्ट ही की, या साऱ्या प्रकरणात रामन यांना एक पाऊलही मागे घ्यावे लागले नाही. मन वळवण्याचे, मधला मार्ग काढण्याचे आणि रुसलेल्यांची समजूत घालण्याचे काम त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी केले होते. १९२४ मध्ये आशुतोषबाबू वारले. बंगलोरला रामन गेले, तेव्हा हे काम त्यांचे त्यांनाच करावयाचे होते.

बंगलोरच्या संस्थेचे उत्पन्न जवळजवळ ठरीव होते. टाटा घराण्याने दिलेल्या मुंबईतील मिळकतींचे उत्पन्न, म्हैसूर संस्थानचे अनुदान आणि हिंदुस्थान सरकारचे अनुदान हे त्याचे मुख्य आधार. रामन यांनी येताच भौतिकीचा नवा विभाग काढला. तो हवाच होता. त्याविना चाललेली विज्ञानसंस्था लंगडीच म्हणावी लागेल. परंतु एकूण रक्कम वाढत नसताना नवा वाटेकरी पंगतीला बसला, की जुन्यांच्या पानातले कमी होते. रसायनशास्त्र हा त्या संस्थेचा जुना, भरभक्कम विभाग. त्याच्या व इतर विभागांच्या प्राध्यापकांना आपल्यावर अन्याय होत असल्याचे वाटू लागले. दहा वर्षे सरकारी हिशेब तपासलेल्या माणसाला हे गणित अवघड नव्हते. त्यांनी ते सोडवलेही. पण उत्तर सहकाऱ्यांच्या बरोबर बसून काढले नाही, काढलेले उत्तर त्यांच्यापुढे ठेवले. प्रयोगशाळेत हे चालते, कारण तेथे प्रकाशाचा किरण कोणाच्या मानापमानाची पर्वा करीत नाही. अंदाजपत्रकाला मात्र असे एकच बरोबर उत्तर नसते.

याची सर्वांत मोठी किंमत माक्स बोर्न यांच्या प्रकरणात मोजावी लागली. नाझी राजवटीने १९३३ मध्ये या थोर शास्त्रज्ञाला ग्योटिंगेन विद्यापीठातून दूर केले होते. रामन यांनी त्यांना बंगलोरला बोलावले. १९३५ च्या अखेरीस बोर्न सपत्नीक आले, काही महिने राहिले आणि त्यांच्यासाठी कायमचे प्राध्यापकपद निर्माण करण्याचा प्रस्ताव रामन यांनी मांडला. ही दूरदृष्टी असामान्य होती, यात वाद नाही. पण प्रस्ताव सभेत आला, तेव्हा तेथील वातावरण आधीच तापलेले होते. एका इंग्रज प्राध्यापकाने बोर्न यांच्या समक्षच त्यांच्याविषयी अत्यंत अपमानकारक उद्गार काढले. वास्तविक त्याचा रोख रामन यांच्यावर होता. घाव मात्र बसला तो निर्वासित पाहुण्यावर. बोर्न १९३६ मध्ये एडिंबरोला गेले आणि १९५४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सभेपूर्वी चार जणांशी स्वतंत्रपणे बोलून घेतले असते, तर निकाल वेगळा लागला असता काय? विरोधकांचे हेतूही शुद्ध नव्हते. भारतीय संचालकाच्या हाताखाली काम करणे काही गोऱ्या प्राध्यापकांना रुचत नव्हते, हे उघड आहे. परंतु प्रतिपक्ष दुष्ट आहे एवढ्यावरून वाटाघाटीची गरज संपत नाही. उलट ती वाढते.

सर जेम्स अर्विन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल संचालकांना प्रतिकूल गेला. अखेर नियामक मंडळाशी झालेल्या संघर्षात रामन यांनी संचालकपद सोडले आणि केवळ भौतिकीचे प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तेथेच राहिले. पद गेल्यावर त्यांनी संस्था सोडली नाही आणि संशोधनही थांबवले नाही, ही त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू. एरवी हा माणूस इतक्या सहजी कोणाला जागा सोडणारा नव्हता.

विज्ञान अकादमीच्या बाबतीतही असेच घडले. १९३४ च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या विज्ञान परिषदेत अध्यक्ष मेघनाद साहा यांनी अखिल भारतीय अकादमीची कल्पना मांडली. तिच्या घडणीवरून मतभेद होताच रामन यांनी वेगळी वाट धरली आणि त्याच वर्षी बंगलोरला ‘इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस’ स्थापन केली. कलकत्त्याला १९३५ च्या जानेवारीत दुसरी संस्था उभी राहिली. अलाहाबादची त्याआधीच होती. देश एक आणि अकादमी तीन, ही स्थिती आजतागायत टिकून आहे. तथापि, बंगलोरच्या अकादमीने आपली नियतकालिके ज्या सातत्याने चालवली, ते पाहता रामन यांचा हा हट्ट अगदीच वांझ ठरला, असे म्हणता येणार नाही.

१९३९ मध्ये होमी भाभा बंगलोरच्या संस्थेत आले. रामन यांनी त्यांचे गुण ओळखले व त्यांना उत्तेजनही दिले. याच भाभांनी पुढे टाटा विश्वस्त, मुंबई सरकार आणि केंद्र सरकार या तिघांचा मेळ घालून १९४५ मध्ये ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च’ उभी केली. देणगीदाराला काय हवे, सरकारला काय हवे, हे आधी जाणून घ्यावयाचे आणि मग मागणी करावयाची, ही त्यांची रीत होती. रामन यांना ती मानवली नसती. १९४८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी बंगलोरमध्येच आपली स्वतंत्र संशोधनसंस्था थाटली आणि सरकारी पैसा कटाक्षाने दूर ठेवला. पैसा आला की अटी येतात, अटींबरोबर समित्या येतात, हे त्यांनी एकदा भोगले होते. त्या संस्थेत त्यांना कोणाशी तडजोड करावी लागली नाही. ती लहान राहिली.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन यांचे निधन झाले. त्यापूर्वी दोन दिवस, अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी आपल्या संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाला खोलीत बोलावून घेतले. आपल्यामागे संस्थेचा कारभार कसा चालावा, याविषयी त्या सभेत चर्चा झाली.