विश्लेषण : अर्ध्या तासाच्या फ्लॅमेन्कोमागे एक झोपडपट्टी… कोण होत्या कार्मेन अमाया?

बार्सेलोनाला जाणाऱ्या पर्यटकांच्या यादीत गाउदीच्या चर्चबरोबर आता फ्लॅमेन्कोचा एक छोटा कार्यक्रमही हमखास असतो. तिकीट मोबाइलवर काढलेले, खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा, समोर लाकडी फळ्यांचा लहानसा मंच. त्यावर कधी एखादी नर्तकी झालरीच्या घागऱ्याऐवजी उंच कमरेची पँट आणि आखूड जाकीट घालून येते आणि टाचांनी फळ्या दणाणून सोडते. पायांचे असे जोरकस काम एके काळी पुरुषांचे मानले जाई. बाईने हात, कंबर आणि घागऱ्याचा घोळ सांभाळावा, अशी रीत होती. ही रीत ज्यांनी मोडून दाखवली त्या कार्मेन अमाया याच शहराच्या किनाऱ्यावरील एका झोपडपट्टीतल्या. पर्यटकांपुढे थोडक्यात नाचून पैसे मिळवणे हाच त्यांच्या आयुष्याचा आरंभ होता.

हा छोटा कार्यक्रम असतो कसा?

अशा जागेला स्पॅनिशमध्ये ‘ताब्लाओ’ म्हणतात. फळीला ‘ताब्ला’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. मंचावर गायक, गिटारवादक, टाळ्या वाजवणारे एक-दोघे आणि नर्तक असतात. या टाळ्या साध्या नसतात. त्या ठेका धरतात, कधी बंद तळव्यांनी तर कधी उघड्या.

फ्लॅमेन्कोचे अनेक प्रकार बारा मात्रांच्या आवर्तनात बसतात. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण इथे वजन पडते ते साधारणपणे तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. त्यामुळे आधी तीन-तीनच्या आणि मग दोन-दोनच्या चालीने लय पुढे सरकते. नवख्या माणसाची टाळी हमखास चुकते. म्हणून टाळ्यांमध्ये सामील न होणेच बरे.

नाच आधीपासून पूर्ण बसवलेला नसतो. नर्तकी पायाच्या एका खुणेने गायकाला बोलावते, दुसऱ्या खुणेने थांबवते. गाणे थांबले की फक्त पायांचा भाग येतो. टाचा, चवडे, पुन्हा टाचा, वेग वाढत जातो आणि गिटार मागे सरते. कार्मेन अमाया यांचे नाव जगाने लक्षात ठेवले ते या भागासाठी. शेवटी बहुधा ‘बुलेरिया’ या वेगवान प्रकारात सगळेच थोडे थोडे नाचतात आणि दिवे लागतात.

सोमोरोस्त्रो कुठे होते?

बार्सेलोनेता या कोळीवाड्याच्या पुढे, समुद्राला लागून. वाळूवर फळ्या, पत्रे आणि मिळेल त्या सामानाच्या झोपड्या. घरोघरी नळ नाही आणि समुद्र खवळला की पाणी थेट आत. या वस्तीत हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमानी समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने राहत. अशाच एका कुटुंबात २ नोव्हेंबरला कार्मेनचा जन्म झाला. साल मात्र वादाचे आहे. जुन्या चरित्रांत १९१३ दिसते, तर जनगणनेच्या नोंदी तपासणारे अभ्यासक १९१८ मानतात. ज्या वस्तीची कागदोपत्री दखलच कमी घेतली जाई, तिथल्या मुलीच्या जन्मतारखेचा असा घोळ होणे नवल नाही.

वडील होसे अमाया गिटार वाजवत. त्यांना ‘एल चिनो’ म्हणत. मुलगी चार-पाच वर्षांची झाल्यावर ते तिला घेऊन रात्री बंदराजवळच्या खानावळी आणि दारूगुत्त्यांत फिरू लागले. बाप टेबलाशेजारी गिटार छेडी, पोर नाचे आणि जेवणाऱ्यांनी फेकलेली नाणी गोळा करून दोघे पुढच्या दारात जात. लहान मुलांनी रात्री असे काम करण्याला मनाई असल्याने पोलिस आले की तिला लपवावे लागे, असे सांगितले जाते. शाळा अशी झालीच नाही. नाचाचा गुरूही नव्हता. मावशी-आत्या, चुलत भावंडे आणि शेजारपाजार जसे नाचत, तसे ती नाचू लागली. बारक्या वयातच तिला ‘ला कापिताना’, म्हणजे कप्तानीण, हे टोपणनाव पडले.

१९२९च्या सुमारास आत्या ‘ला फाराओना’ आणि एका चुलत बहिणीबरोबर ती पॅरिसला राकेल मेल्येर या प्रसिद्ध स्पॅनिश गायिकेच्या कार्यक्रमात नाचून आली. त्याच वर्षी बार्सेलोनात भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात राजे आल्फोन्सो तेरावे यांच्यापुढे ती नाचल्याचे सांगतात. १९३१मध्ये सेबास्तिया गाश या कातालान समीक्षकाने तिच्यावर लिहिले आणि गुत्त्यातली पोर शहराच्या सुशिक्षित वर्तुळात चर्चेचा विषय झाली. पुढे चित्रपट आले. १९३५मध्ये ‘ला हिखा दे हुआन सिमोन’मध्ये छोटे काम आणि त्यानंतर लगेच ‘मारिया दे ला ओ’मध्ये नायिका.

हितानो समाजाचे भारताशी नाते काय?

नाते आहे, पण ते जपून सांगायला हवे. रोमानी भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’ आणि कानाला ‘कान’ म्हणणाऱ्या या लोकांचे पूर्वज भारताच्या वायव्य भागातून शतकानुशतके सरकत युरोपात पोहोचले, हे भाषाशास्त्राने आणि अलीकडे जनुकशास्त्रानेही दाखवले आहे. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ची. ते इजिप्तहून आले अशा समजुतीतून ‘हितानो’ हे नाव रूढ झाले. १४९९च्या राजाज्ञेने त्यांना भटकंती सोडण्यास फर्मावले आणि १७४९मध्ये तर देशभर एकाच वेळी धाडी टाकून हजारो हितानोंना कैदेत टाकण्यात आले.

म्हणून फ्लॅमेन्को म्हणजे स्पेनला गेलेले कथक, असे समाजमाध्यमांवर फिरते तसे म्हणता येत नाही. पायांचे काम आणि तालाशी झुंज यांत साम्य जाणवते, पण थेट वंशावळ सिद्ध झालेली नाही. फ्लॅमेन्को घडला तो आंदालुसिया प्रांतात. हितानोंबरोबरच तिथल्या लोकगीतांचा, अरबी आणि ज्यू संगीताच्या संस्काराचा त्यात वाटा आहे.

मग त्या जगभर कशा पोहोचल्या?

युद्धामुळे. जुलै १९३६मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली तेव्हा कार्मेन अमाया वायादोलिद शहरात कार्यक्रमासाठी गेल्या होत्या. तिथून पोर्तुगाल गाठून कुटुंबाने अर्जेंटिनाचे जहाज पकडले. डिसेंबरमध्ये ब्वेनोस आयरेसच्या मारावियास नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला आणि थोड्या मुदतीचा करार लांबतच गेला. पुढची काही वर्षे उरुग्वे, ब्राझील, चिली, कोलंबिया, क्युबा, मेक्सिको असा प्रवास चालला. बरोबर वडील, भाऊ, बहिणी, त्यांची मुले असा सगळा गोतावळा. भाऊ पाको गिटार वाजवी, बहिणी नाचत. मिळकत एकीची आणि खाणारी तोंडे अनेक, हे गणित त्यांच्या आयुष्यात कधी बदलले नाही.

याच काळात साबिकास हे थोर गिटारवादक त्यांच्या साथीला होते. १९४१मध्ये ही मंडळी न्यूयॉर्कच्या ‘बीचकोंबर’ क्लबमध्ये पोहोचली आणि जानेवारी १९४२मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. हॉलीवूडच्या काही चित्रपटांतही त्या झळकल्या. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी भेट दिलेले हिरेजडित जाकीट फाडून त्यांनी तुकडे मंडळीत वाटले, वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या जाळीवर मासे भाजले, असे किस्से तेव्हापासून सांगितले जातात. त्यांतले खरे किती हा प्रश्नच आहे. मोठ्या हॉटेलात शिरलेल्या झोपडपट्टीतल्या बाईबद्दल अमेरिकी वाचकांना असेच काही ऐकायचे होते, हेही त्यांच्या प्रसाराचे एक कारण असावे. मंचावर मात्र त्या अतिशय शिस्तीच्या आणि पैशांच्या बाबतीत हात सैल, हे अनेकांनी नोंदवले आहे.

१९४७मध्ये त्या माद्रिदला परतल्या. गेल्या तेव्हा स्पेनमध्ये नाव होते, आल्या तेव्हा जगात होते. पाठोपाठ लंडन, पॅरिस आणि पुन्हा अमेरिका. १९५१मध्ये त्यांनी आपल्याच मंडळीतील गिटारवादक हुआन आन्तोनिओ आग्वेरो यांच्याशी लग्न केले. आग्वेरो सान्तान्देरचे आणि हितानो समाजाबाहेरचे होते.

त्यांच्या नाचात वेगळे काय होते?

पँट घालून नाचणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. एकोणिसाव्या शतकात मालागाची ‘ला क्वेन्का’ पुरुषी वेशात नाचून गाजली होती. पण अमाया यांनी नुसता वेश घेतला नाही. ताल पायाने वाजवण्याची पुरुष नर्तकांची सगळी कला त्यांनी उचलली, तिचा वेग वाढवला आणि वेगातही प्रत्येक ठोका सुटा, स्वच्छ ठेवला. घागऱ्याखाली पाय झाकलेले असतात. पँटमध्ये ते उघडे पडतात आणि चूकही लपत नाही. उंची बेताची, अंगकाठी किडकिडीत, तरी गिरकी घेताना कंबरेतून मागे वाकून त्या अशा फिरत की पाहणाऱ्याला पडतील असे वाटे.

हे सगळे बारा मात्रांच्या आत. पाय चुकत नसत, कारण लय पायांत यायच्या आधी कानांत होती. त्या गातही उत्तम आणि चुटक्या, टाळ्या, टेबलावर बोटांची हाडे, जे हाताशी येईल त्यावर ताल धरत.

आजाराची गोष्ट खरी आहे का?

लहानपणापासून त्यांची मूत्रपिंडे कमजोर होती. नाचताना प्रचंड घाम जाई आणि शरीरातील विषारी द्रव्ये त्या वाटेने बाहेर पडत, म्हणून त्या इतकी वर्षे टिकल्या, असे स्पेनमध्ये आजही सांगतात. घाम मूत्रपिंडाचे काम करू शकत नाही, त्यामुळे ही कथा वैद्यकीय सत्य म्हणून घेऊ नये. मात्र नाच थांबवला की त्यांची तब्येत ढासळे, असा मंडळीतल्यांचा अनुभव होता आणि थांबायला त्या तयार नसत. त्यांच्यावर कितीजणांची चूल अवलंबून होती, हेही इथे विसरून चालणार नाही.

१९६३मध्ये दिग्दर्शक फ्रान्सिस्को रोविरा बेलेता यांच्या ‘लोस तारान्तोस’ चित्रपटात त्यांनी आईची भूमिका केली. बार्सेलोनातील दोन वैरी हितानो घराण्यांमधली ही रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट. तरुण आन्तोनिओ गादेसही त्यात आहेत. काही चित्रीकरण थेट सोमोरोस्त्रोच्या वाळूत झाले. एका दृश्यात अमाया टेबलावर बोटांच्या हाडांनी ठेका धरतात, मग उठून नाचतात. फ्लॅमेन्कोचे याहून चांगले दोन-चार मिनिटांचे चित्रण शोधणे कठीण. त्या वेळी त्या गंभीर आजारी होत्या.

त्याच ऑगस्टमध्ये गांदिया इथल्या कार्यक्रमात नाचता नाचता त्यांनी गिटारवादकाला थांबायची खूण केली आणि मंच सोडला. १९ नोव्हेंबर १९६३ रोजी कोस्ता ब्राव्हावरील बेगुर गावी, आपल्या घरात, त्यांचे निधन झाले. ‘लोस तारान्तोस’ला ऑस्करचे परभाषी चित्रपटाचे नामांकन मिळाले ते त्यानंतर. त्यांचे अवशेष पुढे सान्तान्देरला पतीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत हलवण्यात आले.

पर्यटकांना दाखवतात तो फ्लॅमेन्को नकली असतो का?

खरा फ्लॅमेन्को घरच्या लग्नात, अंगणात, पहाटे रंगतो आणि तिकिटाचा असतो तो देखावा, असे जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. पाहुण्यांसाठी रोज दोन-तीन खेळ करणाऱ्या कलाकाराला दर वेळी रंग चढेलच असे नाही. पण पैसे घेऊन नाचणे ही नवी खोड नव्हे. सिल्वेरिओ फ्रान्कोनेत्ती या गायकाने १८८१मध्ये सेव्हिलमध्ये गाण्याचे कॅफे उघडले होते. दारू आणि गाणे एकाच छताखाली विकणाऱ्या अशा कॅफेंनीच ही कला व्यवसाय म्हणून उभी केली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला ताब्लाओ आले, माद्रिदचे ‘कोराल दे ला मोरेरिया’ १९५६चे. आणि अमाया यांनी तर परक्यांच्या टेबलाशेजारीच नाच शिकला. बार्सेलोनाच्या प्लासा रेआल चौकातील ‘लोस तारान्तोस’ हे ताब्लाओ १९६३मध्येच सुरू झाले आणि तिथले कार्यक्रम छोटेखानी म्हणूनच ओळखले जातात. पोब्ले एस्पान्योलमधल्या ‘ताब्लाओ दे कार्मेन’ला तर त्यांचेच नाव आहे.

सोमोरोस्त्रोच्या उरलेल्या झोपड्या १९६६मध्ये पाडण्यात आल्या. समोरच्या समुद्रात नौदलाच्या कवायती होणार होत्या आणि त्या पाहायला हुकूमशहा फ्रान्को येणार होते. आज तिथे आंघोळीचा स्वच्छ किनारा आहे आणि त्यातल्या एका भागाला वस्तीचे जुने नाव परत देण्यात आले आहे. किनाऱ्यापासून जवळच, बार्सेलोनेतात, नाचणाऱ्या आणि गिटार वाजवणाऱ्या मुलांची शिल्पे कोरलेले कार्मेन अमाया यांच्या नावाचे कारंजे आहे. फेब्रुवारी १९५९मध्ये त्याच्या उद्घाटनाला त्या स्वतः आल्या होत्या. तेव्हा झोपड्या अजून उभ्या होत्या आणि त्यांत नळ आलेले नव्हते.