डॉरोथी हॅरिसन यूस्टिस

डॉरोथी हॅरिसन यूस्टिस (३० मे, इ.स. १८८६: फिलाडेल्फिया - ८ सप्टेंबर, इ.स. १९४६: न्यू यॉर्क) या अमेरिकन श्वानपालक व समाजसेविका होत्या. अंध व्यक्तींना मार्गदर्शक श्वान उपलब्ध करून देणाऱ्या 'द सीइंग आय' या अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षण संस्थेच्या त्या संस्थापिका होत.

प्रारंभिक जीवन

डॉरोथी यांचा जन्म फिलाडेल्फियातील एका सधन कुटुंबात झाला. वॉल्टर ॲबट वूड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याने आपल्या शेतावर दुभत्या गाईंच्या निवडक पैदाशीचे प्रयोग केले. इ.स. १९१५ मध्ये वूड यांचे निधन झाले. इ.स. १९२३ मध्ये त्यांनी जॉर्ज यूस्टिस यांच्याशी दुसरा विवाह केला. तो पुढे घटस्फोटात संपुष्टात आला.

फॉर्च्युनेट फील्ड्स

डॉरोथी यांच्याकडे हान्स नावाचा जर्मन शेफर्ड जातीचा पाळीव कुत्रा होता. त्याची हुशारी व निष्ठा पाहून, केवळ रूपासाठी नव्हे तर बुद्धी, स्वभाव आणि कामाची आवड या गुणांसाठी या जातीची पैदास करावी, असे त्यांना वाटू लागले. स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे शहराजवळील माँ पेलेरां येथे 'फॉर्च्युनेट फील्ड्स' या नावाने त्यांनी हे कार्य सुरू केले. प्रशिक्षक इलियट हम्फ्री यांच्या साहाय्याने तेथे पोलीस व सैन्यासाठी कुत्रे तयार केले जात.

लेख आणि मॉरिस फ्रँक

पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत मार्गदर्शक श्वान तयार केले जात होते. पॉट्सडॅम येथील अशी एक शाळा पाहून डॉरोथी प्रभावित झाल्या. त्यांनी त्याविषयी लिहिलेला लेख ५ नोव्हेंबर, इ.स. १९२७ रोजी 'सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तो वाचून नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने त्यांना पत्र पाठवले व स्वतःसाठी असा कुत्रा मागितला. आपल्याला प्रशिक्षण मिळाल्यास अमेरिकेतील इतर अंधांपर्यंत हे काम पोहोचवण्याची तयारीही त्याने दर्शवली.

इ.स. १९२८ मध्ये फ्रँक स्वित्झर्लंडला गेला. तेथे त्याला 'किस' नावाची कुत्री मिळाली. तिचे नाव त्याने 'बडी' असे ठेवले. मायदेशी परतल्यावर त्याने न्यू यॉर्कमधील वर्दळीचा वेस्ट स्ट्रीट हा रस्ता वार्ताहरांसमोर बडीच्या साहाय्याने ओलांडून दाखवला.

द सीइंग आय

२९ जानेवारी, इ.स. १९२९ रोजी नॅशव्हिल येथे 'द सीइंग आय' या संस्थेची स्थापना झाली. इ.स. १९३१ मध्ये ती न्यू जर्सी राज्यात हलवण्यात आली. संस्थेसाठी डॉरोथी यांनी स्वतःची बरीच संपत्ती खर्च केली.

या पद्धतीत आधी कुत्र्याला आणि नंतर कुत्रा व अंध व्यक्ती या जोडीला एकत्र शिकवले जाते. पदपथाच्या कडेला थांबणे व अडथळे चुकवून मालकाला पुरेशी जागा ठेवणे यांचा सराव करून घेतला जातो. पुढे धोका असल्यास मिळालेली आज्ञा न पाळणे हाही शिक्षणाचा महत्त्वाचा भाग असतो. कुठे जायचे व रस्ता केव्हा ओलांडायचा, हे मात्र वाहनांचा आवाज ऐकून माणूसच ठरवतो. कुत्र्याला खाऊ घालणे, त्याचे केस विंचरणे व त्याला बाहेर नेणे ही कामे अंध व्यक्तीने स्वतः करावयाची असतात. या रोजच्या निगेमुळे कुत्र्याचा जिव्हाळा प्रशिक्षकाकडून नव्या मालकाकडे वळतो.

कुत्रा दान म्हणून मिळाला, अशी भावना राहू नये यासाठी पहिल्या कुत्र्याकरिता १५० डॉलर एवढे नाममात्र शुल्क ठरवण्यात आले. ते प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने अत्यल्प होते. परंतु ते भरल्याने अंध व्यक्तीचा स्वाभिमान जपला जाई.

वारसा

बडीचा इ.स. १९३८ मध्ये मृत्यू झाला. फ्रँकने त्यानंतरच्या आपल्या कुत्र्यांनाही तेच नाव दिले. इ.स. २०११ मध्ये डॉरोथी यांचा अमेरिकेच्या 'नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेम'मध्ये मरणोत्तर समावेश करण्यात आला. त्यांनी स्थापन केलेली संस्था न्यू जर्सीतील मॉरिसटाउन परिसरात आजही कार्यरत आहे.