विश्लेषण : महागडे यंत्र घ्यावे का? हेन्री मॉडस्ले यांच्या काळातला हिशेब

पाच अक्षांचे मशिनिंग सेंटर घ्यायचे, की आहे त्या तीन अक्षांच्या मशीनवरच जॉब उलटापालटा करत काम भागवायचे? भोसरी-सातपूरपासून कोइमतूरपर्यंत अनेक वर्कशॉपच्या मालकांपुढे हा प्रश्न आहे. बँकेचा हप्ता ठरलेला असतो, ऑर्डर ठरलेली नसते. हाच पेच दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये दोघांपुढे आला. एकाने यंत्र नाकारले, दुसऱ्याने घेतले. ते यंत्र घडवणाऱ्या हेन्री मॉडस्ले यांची ही कथा.

मॉडस्ले कोण होते?

लंडनजवळच्या वूलिच येथे २२ ऑगस्ट १७७१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील तिथल्या शस्त्रागारात कामाला होते. बाराव्या वर्षी हेन्रीही तिथेच काडतुसे भरू लागला. पुढे त्याला सुतारशाळेत घातले, पण त्याचे लक्ष शेजारच्या लोहारशाळेत. शेवटी तिथेच पाठवले. हाताची सफाई इतकी, की अठराव्या वर्षी कुलपे बनवणारे प्रसिद्ध कारागीर जोसेफ ब्रामा यांनी त्यांना बोलावून घेतले.

ब्रामांचे कुलूप उघडता येत नसे, पण ते स्वस्तही पडत नसे. सुटे भाग हाताने घासून जुळवावे लागत. मॉडस्ले यांनी ते भाग बनवणारी यंत्रे उभी केली आणि ते कारखान्याचे मुख्य कारागीर झाले. पगार मात्र आठवड्याला ३० शिलिंग. घरात खाणारी तोंडे वाढली म्हणून त्यांनी वाढ मागितली. ब्रामांनी ती नाकारली. १७९७ मध्ये मॉडस्ले यांनी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ स्वतःचे छोटे वर्कशॉप थाटले. (काही शिलिंग वाचवण्याच्या नादात ब्रामांनी काय गमावले, याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही.)

त्यांनी लेथमध्ये काय बदलले?

तोवर टर्नर धातूवर टूल हाताने दाबून धरत असे. कापाची खोली त्याच्या मनगटावर अवलंबून. टूल घट्ट धरून सरळ रेषेत सरकवणारी स्लाइड आधीही काही ठिकाणी होती, शोध एकट्या मॉडस्ले यांचा नव्हे. त्यांनी स्लाइड, अचूक लीड स्क्रू आणि बदलता येणारे गिअर एका भक्कम धातूच्या लेथमध्ये एकत्र आणले. त्यामुळे हवे तसे आटे पुन्हा पुन्हा तंतोतंत पाडता येऊ लागले. आपल्या शॉपमधले मोजमापाचे वाद मिटवायला त्यांनी इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारा मायक्रोमीटर बनवला. त्याचे नाव ठेवले लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश!

आजच्या मशीनमधला अक्ष म्हणजे हेच : टूल किंवा जॉब ठरलेल्या मार्गाने, ठरलेले अंतर हलवण्याची सोय. तीन अक्ष सरळ रेषेतले. त्यांना फिरणारे दोन जोडले की पाच.

आरमाराला यंत्रे कशाला हवी होती?

शिडाच्या जहाजावर दोर ओढायला लाकडी कप्प्या लागतात. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला त्या ९०० हून अधिक लागत. फ्रान्सशी युद्ध सुरू होते आणि ब्रिटिश आरमाराची गरज वर्षाला सुमारे एक लाख कप्प्यांची होती. फ्रान्समधून परागंदा झालेले अभियंते मार्क ब्रुनेल यांनी कप्प्या बनवणाऱ्या यंत्रांची कल्पना मांडली.

ही यंत्रे घडवणार कोण? एका ओळखीच्या फ्रेंच माणसाने त्यांना मॉडस्ले यांच्या दुकानाच्या खिडकीतला सुबक स्क्रू दाखवला, असे सांगतात. ब्रुनेल नकाशे घेऊन आले, पण यंत्र कशाचे ते लपवून ठेवले. एक-दोन भेटींतच मॉडस्ले यांनी ते ओळखले.

ठेकेदाराने नकार का दिला?

ब्रुनेल यांनी योजना आधी आरमाराला कप्प्या पुरवणाऱ्या साउदॅम्प्टनच्या टेलर यांच्याकडे नेली. त्यांनी ती नाकारली. टेलर जुन्या वळणाचे नव्हते. त्यांच्या घराण्यानेच कप्प्यांच्या कामात यांत्रिक करवती आणल्या होत्या. माल चांगला होता, ऑर्डर हातात होती, गिऱ्हाईक तक्रार करत नव्हते. मग पैसा का अडकवायचा? त्या दिवशीच्या वहीकडे पाहिले तर त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. मात्र ऑर्डर एकाच गिऱ्हाइकाची आहे आणि तेच गिऱ्हाईक उद्या यंत्र घेऊ शकते, हे त्यांनी धरले नाही. नेमके तेच झाले. आरमाराच्या कारखान्यांचे महानिरीक्षक सॅम्युअल बेंथम यांनी योजना उचलून धरली, १८०२ मध्ये मंजुरी मिळाली आणि टेलर यांचे काम गेले.

हिशेब कसा जुळला?

मॉडस्ले यांनी काही वर्षांत ४५ यंत्रे पोर्ट्समथच्या गोदीत बसवली. १८०८ मध्ये तिथे १ लाख ३० हजार कप्प्या तयार झाल्या. जिथे ११० कुशल कारागीर लागत, तिथे १० अकुशल माणसे पुरली. ब्रुनेल यांना वर्षभराच्या बचतीइतका मोबदला मिळाला, सुमारे १७ हजार पौंड, तोही रखडून. एकूण खर्चाचा आकडा साधारण ५४ हजार पौंड सांगितला जातो. म्हणजे तीन-सव्वातीन वर्षांत पैसे वसूल.

यात आरमाराची बाजू आधीच बळकट होती. मागणी पक्की होती, माल मोजक्या आकारांचा होता आणि बेंथम यांनी गोदीत वाफेचे इंजिन आधीच आणले होते. एवढे सगळे जुळून आलेला खासगी कारखानदार विरळाच. म्हणूनच पोर्ट्समथचे कौतुक देशभर झाले, अनुकरण मात्र पुढची अनेक वर्षे फारसे झाले नाही.

आजच्या यंत्राला तोच नियम लागू?

नाही, आणि गफलत इथेच होते. पोर्ट्समथची यंत्रे कप्पीखेरीज काहीच बनवू शकत नव्हती, त्यांचे पैसे संख्येने वसूल झाले. पाच अक्षांच्या मशीनचे बळ वेगळे आहे. इम्पेलरसारखा वळणदार किंवा अनेक बाजूंनी कापायचा जॉब एकाच पकडीत पुरा होतो. चार-पाच सेटिंग वाचतात, दर वेळी जॉब सोडून पुन्हा पकडताना येणारी चूक टळते. संख्या थोडी असली तरी चालते, पण जॉब त्या जातीचे हवेत. साध्या प्लेटला भोके पाडायची असतील, तर हप्ता तेवढाच आणि दर मात्र तीन अक्षांचाच मिळणार. शिवाय प्रोग्राम लिहिणारा हुशार माणूस लागतो. पोर्ट्समथसारखे दहा अकुशल हात इथे पुरत नाहीत.

मॉडस्ले यांचे पुढे काय झाले?

पोर्ट्समथच्या कामाने त्यांची भरभराट झाली. १८१० मध्ये कारखाना लंडनच्याच लॅम्बेथ भागात गेला आणि तिथे जहाजांची वाफेची इंजिने बनू लागली. जोसेफ व्हिटवर्थ, जेम्स नॅस्मिथ, रिचर्ड रॉबर्ट्स हे पुढे नावाजलेले यंत्रकार त्यांच्याच हाताखाली तयार झाले. ब्रुनेल यांना मात्र इतर धंद्यांतल्या खोटीमुळे १८२१ मध्ये कर्जापायी तुरुंगात जावे लागले. १४ फेब्रुवारी १८३१ रोजी मॉडस्ले यांचे निधन झाले. वूलिचला त्यांना पुरले, तिथले स्मारक ओतीव लोखंडाचे होते. त्याचा आराखडा त्यांनी स्वतःच करून ठेवला होता. पोर्ट्समथची त्यांची काही यंत्रे विसाव्या शतकातही कप्प्या कापत होती.