गावाने मागितलेली शाळा

शाळा कोठे असावी हे कोणी ठरवावे, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. लोकसंख्या, अंतर आणि पटसंख्या यांचे कोष्टक मांडले की उत्तर निघते, अशी सरकारदरबारी पूर्वापार समजूत आहे. २०२३ साली महाराष्ट्रात वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले, तेव्हाही हिशेब याच कोष्टकाचा होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी मात्र या प्रश्नाची उकल निराळ्या रीतीने केली होती.

१८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढे साताऱ्यात शिकवण्या, ओगले काचकारखान्याच्या मालाची विक्री, मग किर्लोस्करांचे नांगर. चरित्रांत हा काळ सहसा चार ओळींत आटोपतो, आणि ते योग्य नव्हे. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. कोणत्या गावाची ऐपत किती, कोणत्या वाडीची मुले पावसाळ्यात ओढा ओलांडू शकत नाहीत, हे नकाशावर दिसत नाही. फिरस्त्याला ते कळते.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत. त्यासाठी घरोघरचे मूठभर धान्य गोळा केले जाई. ते पुरेना तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. त्या १९३० साली निवर्तल्या. संस्थेच्या भांडवलाचा हिशेब मांडताना हे दागिने कोणत्या सदराखाली धरावेत, हे कोणत्याही जमाखर्चाच्या पुस्तकात सापडणार नाही.

१९३७ साली मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले. सरकारने लोकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या प्राथमिक शाळांना उत्तेजन द्यावयाचे ठरविले आणि भाऊरावांना हवे ते क्षेत्र खुले झाले. शाळेसाठी देऊळ, चावडी अथवा धर्मशाळा गावाने द्यावी, शिक्षक संस्थेने पुरवावा आणि सरकारने अनुदान द्यावे, अशी ही व्यवस्था होती. शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय संस्थेने १९३५ सालीच साताऱ्यात काढले होते. अशा ५७८ शाळा उभ्या राहिल्या. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर गावाने दिलेली जागा आणि श्रम हीच त्याच्या मागणीची खरी नोंद होती. अर्जावरील अंगठ्यांपेक्षा ती अधिक विश्वसनीय.

या पद्धतीत एक धोकाही होता, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. गाव म्हणजे नेमके कोण? जागा देणारा पाटील की वेशीबाहेरचा महारवाडा? शाळा देवळात भरली तर अस्पृश्य मानलेल्या मुलाने बसावे कोठे? केवळ लोकमतावर सोडले असते तर उत्तर गावातील सबळांच्या बाजूने गेले असते. परंतु सर्व जातींच्या मुलांना शिकविणे आणि अस्पृश्यता मोडणे हे संस्थेचे स्थापनेपासूनचे उद्दिष्ट होते. स्थळाबाबत भाऊरावांनी गावाचे ऐकले, प्रवेशाबाबत ऐकले नाही. हा भेद त्यांच्या कार्याचे मर्म आहे; लोकसहभागाची आज मुक्तकंठाने भलामण करणारे त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर काही काळ सरकारी अनुदान थांबले असता गाडगेमहाराजांनी रदबदली केली. प्राथमिक शाळा पुढे स्कूल बोर्डाकडे गेल्या. शिक्षकांचा पगार निश्चित झाला हा लाभ मोठाच होता. शाळेवरचा गावाचा हक्क मात्र कागदावरून पुसला गेला. भाऊराव ९ मे १९५९ रोजी पुण्यात निधन पावले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत असे ठरविले. शाळा कशी चालावी याविषयी समितीला बोलता येते. शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या गावी पाठवावयाचे झाल्यास तिची संमती घेतलीच पाहिजे, असे त्या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.